तीन विद्यापीठं, एक देणगी: अल्झायमरच्या संयुक्त संशोधनाला पैसे नेमके कशासाठी द्यावेत?

ओंजळ (धागाकर्ता)

एका धर्मादाय न्यासाला अल्झायमरच्या संशोधनासाठी तीन विद्यापीठांना मिळून निधी द्यायचा आहे. मुदत तीन वर्षं. विषय ढोबळमानाने ठरलाय: रक्तातल्या बायोमार्करवरून (आजाराची खूण देणाऱ्या घटकांवरून) आजार लवकर ओळखता येतो का, हे तीन ठिकाणी एकाच पद्धतीने तपासणं. सुमारे ६०० माणसं. विश्वस्तांत लेखापाल आहेत, वकील आहेत, प्रयोगशाळेत काम केलेलं कोणी नाही.

सध्याचा बेत असा: रक्कम तीन समान भागांत, प्रत्येक विद्यापीठाला थेट, वर्षाच्या सुरुवातीला एक हप्ता, वर्षाअखेर एक अहवाल.

अडलेले प्रश्न: हा बेत बरोबर आहे का? विद्यापीठं 'ओव्हरहेड' (वीज, जागा, कार्यालय असा अप्रत्यक्ष खर्च) मागतात तो द्यावा का, किती? करारात काय हवंच? आणि काम नीट चाललंय हे बिगरशास्त्रज्ञाने कशावरून ओळखायचं?

पिपेट

समान वाटे, थेट पैसे, वार्षिक हप्ता, वर्षाअखेरचा अहवाल. चारही बदला.

तीन समान वाटे केले की तीन स्वतंत्र प्रकल्प उभे राहतात, मुखपृष्ठ तेवढं एक असतं. प्रत्येक प्रयोगशाळा आपापलं मोजणीचं किट घेते, आपापली प्रश्नावली वापरते, आपापले रकाने आखते. तिसऱ्या वर्षी आकडे एकत्र करायला बसलं की कळतं, एका ठिकाणी शिक्षण 'किती वर्षं' असं नोंदलंय आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं 'पदवी आहे / नाही'. स्मरणचाचणीचे गुण शिक्षणानुसार जुळवून घ्यावे लागतात, त्यामुळे हा एक रकाना चुकला तरी तुलना कोसळते. एक ना धड भाराभर चिंध्या. शास्त्रज्ञांना दोष देऊन उपयोग नाही. पैसे ज्या आकाराचे येतात त्याच आकाराचं काम होतं.

संयुक्त संशोधनाच्या देणगीने सांध्यांचे पैसे द्यायचे असतात. सांधे म्हणजे पूर्णवेळ समन्वयक, डेटा मॅनेजर (पहिल्या दिवसापासून, शेवटच्या वर्षी नेमलेला डेटा मॅनेजर फक्त पंचनामा करतो), स्मरणचाचणी घेणाऱ्या तपासनीसांचं एकत्र प्रशिक्षण, नमुन्यांची वाहतूक, सगळ्यांसाठी एकच मोजणी (एकाच मध्यवर्ती प्रयोगशाळेत). यासाठी एकूण रकमेचा निदान पाचवा हिस्सा वेगळा काढा आणि तो दुसऱ्या कशाकडे वळवता येणार नाही असं लिहून घ्या. उरलेलं कामाप्रमाणे वाटा: जिथे माणसं तपासली जातात तिथे पगार जास्त, जिथे मोजणी होते तिथे रसायनं आणि उपकरणांचा वेळ जास्त.

पैसे एका प्रमुख विद्यापीठाकडे जावेत आणि त्याने उरलेल्या दोघांशी उपकरार करावेत. म्हणजे जबाबदार एकच. मात्र उपकराराचे पैसे किती दिवसांत पुढे जातील ते मुख्य करारातच घाला. नाहीतर प्रमुख विद्यापीठाच्या वित्त विभागात रक्कम पडून राहते आणि तिकडे नेमलेला संशोधन सहायक पगाराची वाट बघत बसतो.

कागदी घोडा

ओव्हरहेडचं सांगतो. हा शब्द ऐकला की देणगीदारांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण हा खर्च खोटा नसतो. उणे ८० अंशांच्या फ्रीझरची वीज, जैविक कचऱ्याची विल्हेवाट, नीतिमत्ता समितीचं कार्यालय, लेखापरीक्षण, जागा हे कुणीतरी भरतंच.

जगात वेगवेगळ्या रीती आहेत. अमेरिकेतली अल्झायमर्स असोसिएशन आपल्या संशोधन अनुदानांत अप्रत्यक्ष खर्चाला साधारण १० टक्क्यांची मर्यादा घालते. ब्रिटनमध्ये वैद्यकीय धर्मादाय संस्था अप्रत्यक्ष खर्च सहसा देतच नाहीत. तिथे सरकार विद्यापीठांना 'चॅरिटी रिसर्च सपोर्ट फंड' म्हणून वेगळा पैसा देऊन ती तूट काही अंशी भरून काढतं. २००४ साली निघालेल्या क्युअर अल्झायमर्स फंडने वेगळाच मार्ग काढला: संस्थेचा स्वतःचा कारभारखर्च संचालक मंडळ सोसतं, त्यामुळे देणगीदाराचा पैसा सगळा संशोधनाकडे जातो. ही शेवटची गोष्ट देणाऱ्या संस्थेच्या खर्चाबद्दल आहे, विद्यापीठाच्या नव्हे. या दोन्हींची गल्लत नेहमी होते.

टक्केवारीपेक्षा व्याख्या महत्त्वाची. 'ओव्हरहेड शून्य' म्हणणारं विद्यापीठ तोच खर्च 'प्रयोगशाळा वापर शुल्क', 'आयटी सेवा', 'जागाभाडं' अशा ओळींनी थेट खर्चात आणू शकतं. म्हणून:

– कोणत्या बाबी थेट खर्चात चालतील याची यादी अर्ज मागवतानाच द्या.
– कमी दराला मान्यता असल्याचं कुलसचिव किंवा वित्त अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र अर्जासोबतच घ्या. प्राध्यापकाचा होकार इथे कामाचा नाही, त्याला तो अधिकारच नसतो.
– ओव्हरहेडवर ओव्हरहेड लागू देऊ नका. उपकराराने पुढे जाणाऱ्या रकमेवर प्रमुख विद्यापीठही टक्केवारी लावतं आणि घेणारंही. अमेरिकी सरकारी अनुदानांत प्रत्येक उपकरारातल्या फक्त पहिल्या २५,००० डॉलरवर ती लावता येत असे. २०२४ मध्ये ही मर्यादा ५०,००० केली. न्यासाने सरळ लिहावं: पुढे पाठवलेल्या रकमेवर प्रमुख विद्यापीठाचा ओव्हरहेड शून्य.

१० टक्के, व्याख्येसह, ही माझी शिफारस. पूर्ण शून्यावर अडून बसलात तर चांगली विद्यापीठं अर्जच करणार नाहीत, किंवा करून तुमचं काम सगळ्यात शेवटी ठेवतील.

शीतकपाट

@पिपेट, 'एकच मोजणी' या दोन शब्दांत फार काही दडलंय, ते उलगडतो. कारण हप्त्यांचा प्रश्न इथेच सुटतो.

६०० माणसं धरू. प्रत्येकाचं १० मिलि रक्त ईडीटीए नळीत (यात रक्त गोठत नाही). त्यातून प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढून उरलेला द्रव, ४ ते ५ मिलि. अर्ध्या अर्ध्या मिलिच्या ८ कुप्या केल्या तर ४,८०० कुप्या. ८१ खणांच्या डब्यात भरल्या की ६० डबे. हे दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये अर्धे अर्धे ठेवायचे, प्रत्येक माणसाच्या निम्म्या कुप्या इकडे, निम्म्या तिकडे. एक फ्रीझर रात्रीत बंद पडला तरी अभ्यास जिवंत राहतो.

कुप्या पॉलिप्रोपिलीनच्याच. अमायलॉइड बीटा, अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं, चिकट प्रथिन आहे. काचेला आणि पॉलिस्टायरिनला चिकटून बसतं, आणि आकडा खोटाच कमी येतो. कुपी निदान तीन-चतुर्थांश भरावी, कारण थोडा द्रव मोठ्या कुपीत ठेवला की भिंतीला चिकटणाऱ्याचं प्रमाण वाढतं. नळी भरल्यावर ८-१० वेळा हलकेच उलटसुलट करायची, सुमारे १८०० जी वेगाने १० मिनिटं फिरवायची, आणि रक्त काढल्यापासून दोन तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करून गोठवायचा. उशीर झाला की अमायलॉइड बीटा ४२ (त्याच प्रथिनाचं एक रूप) घसरतं. पी-टाऊ, या आजारात मोजलं जाणारं दुसरं प्रथिन, त्या मानाने दणकट आहे. एका केंद्रात प्रयोगशाळा शेजारच्या खोलीत आणि दुसऱ्यात इमारतीच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर तुम्ही आजारातला फरक मोजत नसून प्रयोगशाळेपर्यंतचं अंतर मोजत असता! म्हणून प्रत्येक नमुन्यावर दोन वेळा लिहायच्या: काढला कधी, गोठवला कधी.

आता मोजणीची पाटी. ९६ खणांपैकी प्रमाणकाचे (प्रमाण आधीच माहीत असलेल्या द्रावणाचे) ८ बिंदू दुहेरी म्हणजे १६ खण, नियंत्रण नमुने २ दुहेरी म्हणजे ४. उरले ७६, दुहेरी मोजणीला ३८ नमुने. त्यातले २ 'दुवा नमुने', म्हणजे प्रत्येक पाटीवर तेच ते ठेवायचे, पाटीपाटीतला फरक पकडायला. उरले ३६: प्रत्येक केंद्राचे १२. तिन्ही केंद्रं प्रत्येक पाटीवर आलीच पाहिजेत, आणि रुग्ण व निरोगी मिसळून. एका केंद्राचे सगळे नमुने एका पाटीवर लावले की केंद्राचा फरक आणि पाटीचा फरक कायमचे एकमेकांत मिसळतात. नंतर कुठलंही गणित ते वेगळे करू शकत नाही. ६०० ला ३६ ने भागा, १७ पाट्या. बिघाडासाठी ३ जादा. म्हणजे २० पाट्या, एकाच लॉटच्या, एकाच वेळी मागवलेल्या.

आणि इथे मेख आहे. किटला मुदत असते. पहिल्या वर्षी घेऊन ठेवलं तर नमुने पुरे होईतो ते बाद होतं. म्हणून सर्वांत मोठी खरेदी तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला येते. तीन समान वार्षिक हप्ते दिले तर पहिल्या वर्षी पैसे खर्च होत नाहीत, वित्त विभाग 'वापरा नाहीतर परत करा' म्हणतो, मग कुणीतरी घाईने एखादं यंत्र घेतं. आणि तिसऱ्या वर्षी किटला पैसे कमी पडतात.

वाहतुकीचं थोडक्यात: कोरड्या बर्फात, दोन दिवसांच्या प्रवासाला चार दिवस पुरेल एवढा, खोक्यात तापमान नोंदवणारं यंत्र, पाठवणी सोमवार ते बुधवारच. खोक्यावर कोरड्या बर्फाचा यूएन १८४५ आणि जैविक नमुन्याचा यूएन ३३७३, दोन्ही खुणा हव्यात. एक राहिली तरी माल अडतो आणि बर्फ कुणासाठी थांबत नाही.

मधली रेघ

नमुन्यांइतकाच घोळ स्मरणचाचण्यांत होतो, आणि तिथे कुणाचं लक्ष नसतं. एमएमएसई ही स्मरणचाचणी कॉपीराइटखाली आहे, तिचे पैसे पडतात. मोका या तशाच दुसऱ्या चाचणीच्या वापरासाठी तपासनीसाला प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं. दोन्ही खर्च अंदाजपत्रकात क्वचितच दिसतात. सहा तपासनीस धरलेत तर आठ जणांचं प्रशिक्षण धरा, तीन वर्षांत माणसं सोडून जातातच.

आणखी एक: पी-टाऊचा आकडा मूत्रपिंडाच्या विकारात वाढलेला दिसतो. त्यामुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) सगळ्यांचं, त्याच दिवशी. वजन आणि उंचीही. हा किरकोळ खर्च वाचवला तर शेवटी 'वाढलेला आकडा मेंदूमुळे की मूत्रपिंडामुळे' हे सांगता येत नाही.

पेट स्कॅन (मेंदूतलं अमायलॉइड दाखवणारी तपासणी) असेल तर अमायलॉइडचे निकाल 'सेंटिलॉइड' मापात मागा. स्कॅनआधी टोचायची वेगवेगळी द्रव्यं आणि वेगवेगळी यंत्रं एका पट्टीवर आणायला हे माप २०१५ मध्ये मांडलं गेलं: तरुण निरोगी मेंदूंची सरासरी ०, ठरावीक अल्झायमर रुग्णांची १००.

उलटतपासणी

एक विरोधी सूर. अमेरिकेची एनआयएच ही सरकारी आरोग्य संशोधन संस्था एकटी अल्झायमर आणि संबंधित विकारांवर वर्षाला ३ अब्ज डॉलरच्या वर खर्च करते. तिथे एका न्यासाच्या पैशाने ६०० माणसांचा अभ्यास करून काय हाती लागणार? २०२३ मध्ये सुरू झालेल्या जागतिक प्रोटिओमिक्स (एकाच वेळी शेकडो प्रथिनं मोजण्याचं शास्त्र) संघात ३५,००० हून अधिक नमुने एकत्र आलेत. त्यापेक्षा तेच पैसे दहा तरुण संशोधकांना छोट्या अनुदानांत द्या. एखाद्याची कल्पना चालली तर तो पुढे मोठं सरकारी अनुदान आणेल.

पिपेट

@उलटतपासणी, मुद्दा रास्त आहे, आणि न्यासाकडे विज्ञानाचं कुणीच नसेल तर छोटी अनुदानं हा कमी जोखमीचा मार्ग आहेच. पण ते ३५,००० नमुने आले कुठून? जगभरच्या छोट्या-मोठ्या गटांनी आधी नीट गोळा करून, नीट गोठवून ठेवले म्हणूनच ना. ६०० माणसं एकटी कमी आहेत. जोडता येण्याजोगी ६०० माणसं कमी नाहीत. निकष तोच हवा: हा डेटा पुढे दुसऱ्याला आपल्यात मिसळून घेता येईल का?

धर्मादाय पैसा बहुधा तिथेच शोभतो जिथे सरकारी पैसा हळू किंवा भित्रा असतो. ब्रिटनच्या अल्झायमर्स रिसर्च यूकेने २०१५ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि यूसीएल (युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन) या तीन विद्यापीठांत ३ कोटी पौंडांची औषधशोध आघाडी उभी केली. प्राध्यापकांच्या जीवशास्त्रातल्या कल्पनांना रसायनतज्ज्ञांची पगारी तुकडी जोडून देणं हा तिचा गाभा. असा सांधा सामान्य संशोधन अनुदानात बसत नाही. यूके डिमेन्शिया रिसर्च इन्स्टिट्यूट सुरू होताना २५ कोटी पौंडांपैकी १५ कोटी सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचे आणि ५-५ कोटी दोन धर्मादाय संस्थांचे होते.

दुसरी रिकामी जागा म्हणजे पडताळणी. अमायलॉइडच्या एका विशिष्ट रूपावरचा २००६ चा 'नेचर'मधला गाजलेला लेख प्रतिमांतल्या फेरफारामुळे २०२४ मध्ये मागे घेतला गेला. मधली अठरा वर्षं त्यावर शेकडो लेखांनी संदर्भ रचले. दुसऱ्याचा प्रयोग पुन्हा करून बघायला अनुदान मागितलं की 'यात नवीन काय?' असं विचारलं जातं. तीन केंद्रांचा अभ्यास म्हणजे पहिल्याच दिवसापासून अंगभूत पडताळणी. एका केंद्रात दिसलं ते उरलेल्या दोघांत दिसतं का, एवढा एक तक्ता छापायची अट घाला.

करारनामा

पैशाचा पहिला रुपया, डॉलर, जे काय असेल ते, सुटण्याआधी तीन कागद सह्यांसकट हवेत: न्यास आणि प्रमुख विद्यापीठ यांचा अनुदान करार, तिन्ही विद्यापीठांचा आपसातला करार, आणि नमुने व डेटा देवाणघेवाणीचा करार. 'काम सुरू करू, कागद मागाहून येतील' असं म्हटलं की ते महिनोन्‌महिने येत नाहीत. दरम्यान नमुने गोळा होतात आणि ते कुणाचे यावरून बोलणी ताठर होत जातात.

भांडणं कुठे होतात ते माहीत असलं की कलमं आपोआप सुचतात:

लेखकक्रम. मुख्य लेखाचा पहिला आणि शेवटचा लेखक कोणत्या केंद्राचा, हे आधीच. दोन केंद्रांना मान विभागून देता येतो, तिसऱ्याला दुसरा लेख.

डेटा. एडीएनआय हा २००४ पासूनचा अमेरिकी प्रकल्प सरकार, औषध कंपन्या आणि धर्मादाय संस्था यांनी मिळून चालवला. त्याचा डेटा अर्ज करून जगातला कोणताही संशोधक घेऊ शकतो, आणि गोळा करणाऱ्यांनाही आधी वापरायची राखीव मुदत नव्हती. इतकी उदारता तिन्ही विद्यापीठं मान्य करणार नसतील तर शेवटच्या नमुन्यापासून १२ महिने राखीव, मग खुला. त्याहून जास्त नको.

स्वामित्व. चाचणीचं पेटंट निघालं तर? न्यासाने हिस्सा मागितला तर बोलणी लांबतात. मागायचा नसेल तर एवढंच लिहा: ठरावीक वर्षांत विद्यापीठाने काहीच केलं नाही तर हक्क खुले होतील.

संमतीपत्र. हे वकिलाने नीतिमत्ता समितीआधी वाचावं. 'या अभ्यासासाठी' असे शब्द असतील तर नमुने पुढे कुणालाच देता येणार नाहीत. 'स्मृतिभ्रंश आणि मेंदूच्या इतर विकारांवरच्या पुढील संशोधनासाठी, इतर संस्थांनाही' असं हवं. या आजारात आज संमती देणारा माणूस दोन वर्षांनी ती देण्याच्या स्थितीत नसू शकतो. तेव्हा कोण निर्णय घेईल त्याचं नाव पहिल्याच भेटीत लिहून घ्यायचं. आणि अल्झायमरचा धोका दाखवणाऱ्या एपीओई जनुकाचा निकाल सांगायचा की नाही, तेही तिथेच. सांगायचा असेल तर समुपदेशकाचा पगार अंदाजपत्रकात हवा.

नीतिमत्ता समित्या तीन, त्यांच्या शंकाही तीन तऱ्हांच्या. त्यामुळे तीन वर्षं मोजायची ती तिसरी परवानगी आल्यापासून, करारावरच्या तारखेपासून नाही.

कागदी घोडा

@शीतकपाट यांच्या गणितावरून हप्ते असे बसतात. पहिला, १५ टक्के: तीन करार झाल्यावर, समन्वयक आणि डेटा मॅनेजर नेमायला. दुसरा, २५ टक्के: तिन्ही परवानग्या आणि पहिल्या ३० माणसांचे नमुने, प्रत्येक केंद्राचे १०, मध्यवर्ती प्रयोगशाळेत उत्तीर्ण झाल्यावर. तिसरा, २५ टक्के: ३०० माणसं झाल्यावर. चौथा, २५ टक्के: नमुने पुरे, किटची खरेदी. शेवटचे १० टक्के डेटा आणि शब्दकोश, म्हणजे कोणत्या रकान्याचा अर्थ काय, डेटाभांडारात जमा झाल्यावरच.

अमेरिकेतलं अल्झायमर्स ड्रग डिस्कव्हरी फाउंडेशन टप्पे गाठल्यावर पैसे सोडण्याची रीत वापरतं. पण टप्पे कामाचे ठेवा, निकालाचे नकोत. 'पी-टाऊ २१७ (पी-टाऊचा एक प्रकार) ने रुग्ण ओळखता आले तर पुढचा हप्ता' असं लिहिणं म्हणजे आकडे वाकवायचं आमंत्रण. चाचणी निकामी निघाली तरी हप्ता मिळायला हवा, आणि तसं छापलंही गेलं पाहिजे.

मधली रेघ

बिगरशास्त्रज्ञाने काय बघायचं? दर तिमाहीला एका पानावर, केंद्रवार पाच आकडे: किती जणांना विचारलं, किती जण आले, किती रकाने रिकामे, रक्त काढण्यापासून गोठवण्यापर्यंतचा मधला वेळ, किती जण पुढच्या भेटीला परतले. एका केंद्राचा आकडा इतरांपेक्षा फार चांगला दिसला तरी विचारा. सगळ्यांचा वेळ बरोब्बर ६० मिनिटं असेल तर तो घड्याळ बघून लिहिलेला नसतो.

अर्जांच्या परीक्षणाला निदान तीन परीक्षक, त्यातला एक संख्याशास्त्रज्ञ. हे क्षेत्र लहान आहे. गेल्या तीन वर्षांत अर्जदारासोबत लेख लिहिलेला परीक्षक नको एवढी अट लावली की यादी झपाट्याने आटते, म्हणून परीक्षक शोधायला दोन महिने धरा. रुग्णांची काळजी घेणाऱ्या दोघातिघांनाही वाचायला द्या. ब्रिटनची अल्झायमर्स सोसायटी अर्ज तपासताना अशा स्वयंसेवकांचं मत घेते. 'माझ्या आईला एका दिवसात चार तास चाचण्या झेपणार नाहीत' हे परीक्षक प्राध्यापकाच्या ध्यानात येत नाही, आणि गळती तिथूनच सुरू होते.

ओंजळ

समान वाटे आणि वार्षिक हप्ते दोन्ही रद्द. तीन वर्षांनंतर ते ६० डबे कुणाचे? वीज कोण भरणार?

शीतकपाट

पहिल्या मोजणीत माणशी एखाद-दुसरी कुपी संपते, म्हणजे निदान ४५ डबे तरी भरलेले उरतील. अनुदान संपलं की त्यांचा कुणीच धनी नसतो. प्राध्यापक निवृत्त होतात, फ्रीझरची जागा दुसऱ्याला लागते. अंदाजपत्रकात 'नमुने जतन, चौथं ते आठवं वर्ष' अशी ओळ आत्ताच घाला आणि ती रक्कम न्यासाकडेच ठेवून वर्षाला सोडा. ताबा प्रमुख विद्यापीठाच्या जैवभांडाराकडे, वैयक्तिक प्राध्यापकाकडे नको. नमुने मागणाऱ्यांचे अर्ज बघायला तिन्ही केंद्रांचा एकेक आणि बाहेरचा एक अशी चौघांची समिती. आठव्या वर्षी, मागच्या २४ महिन्यांत एकही अर्ज आलेला नसेल तर नष्ट करायचे की दुसऱ्या भांडाराला द्यायचे, हेही लिहून ठेवा. दुसऱ्या भांडाराला द्यायचं असेल तर संमतीपत्रात त्याला जागा हवी, त्यामुळे हे वाक्य @करारनामा यांच्या मसुद्यात आजच जायला पाहिजे.